स्टॉक फोटोतला नॉइज: किती चालतो, कुठे चालत नाही

स्टॉकला, म्हणजे फोटो तपासून घेऊन ते विकणाऱ्या एजन्सींना, फोटो द्यायला नुकतीच सुरुवात केलेली मुलं मला पहिला प्रश्न विचारतात तो आयएसओचा, कमी उजेडात कॅमेऱ्यात वाढवायच्या त्या आकड्याचा. "ताई, आयएसओ कितीपर्यंत नेला तर फोटो पास होतो?" मी आकडा सांगत नाही, दोन फोटो उघडून दाखवते. पहिला माझा, मिरजेच्या फुलबाजारात पहाटे काढलेला झेंडूचा ढीग, आयएसओ ३२००. तो कुठेच अडला नाही. दुसरा माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाचा: कास पठार, ढगाळ दुपार, आयएसओ २००, खाली फुलं आणि वर फ्रेमचा दोन तृतीयांश भाग राखाडी आकाश. तो नॉइजचं, म्हणजे फोटोत उमटलेल्या दाण्यांचं, कारण देऊन परत आला. दोघांचाही कॅमेरा निकॉन डी ७२००.

झेंडूच्या ढिगात पाकळ्यांच्या इतक्या कडा आणि सावल्या असतात की बारीक दाणे त्यात दिसतसुद्धा नाहीत. राखाडी आकाशाला लपायला जागा नाही. शिवाय त्या मुलाने ढगांना उठाव यावा म्हणून फोटो एडिट करताना डीहेझ आणि क्लॅरिटी बरीच ओढली होती. हे दोन्ही स्लायडर बारीक फरक मोठे करून दाखवतात, आणि सपाट आकाशात बारीक फरक म्हणजे नॉइजच. आयएसओ २०० चा फोटो त्याने १६०० सारखा करून ठेवला होता.

म्हणून नॉइज मोजताना मी तीन गोष्टी बघते: तो कुठे बसला आहे, कोणत्या जातीचा आहे आणि फोटो विकत घेणारा त्या जागेचं काय करणार आहे. आयएसओचा आकडा त्यानंतर येतो.

नॉइज येतो कुठून

एवढं समजून घेतलं की पुढचे निर्णय आपोआप सोपे होतात. प्रकाश सेन्सरवर एकसारख्या धारेने पडत नाही, फोटॉन सुटे सुटे येऊन पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील तर त्यात साधारण १०० चा चढउतार राहतो, म्हणजे एक टक्का. तो डोळ्याला कळत नाही. सावलीतल्या पिक्सेलवर १०० च फोटॉन पडले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. तो कळतो. प्रकाश जितका कमी, तितका टक्केवारीत नॉइज जास्त. यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही, महागातला कॅमेरासुद्धा हा हिशोब बदलू शकत नाही. सेन्सरच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचा थोडा नॉइज यात वर पडतो, आणि तो गडद भागातच जाणवतो.

आयएसओ वाढवल्याने नॉइज तयार होत नाही. आपण आयएसओ वाढवतो तेव्हा शटर वेगवान करतो किंवा अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, लहान करतो, म्हणून सेन्सरवर प्रकाशच कमी पोचतो. यावरून एक सरळ गोष्ट निघते: आयएसओ ४०० वर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) अंधारा फोटो काढून घरी उजळण्यात काहीच फायदा नाही. तो आयएसओ १६०० वर नीट उजेडात काढलेल्या फोटोइतकाच दाणेदार निघतो, बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याहून वाईट. "आयएसओ कमी ठेवला होता, तरी रिजेक्ट झाला" ही तक्रार मी वारंवार ऐकते. फाइल उघडून बघितली की एक्सपोजरचा स्लायडर अधिक दोनवर असतो.

सेन्सरचा आकारही इथेच मोजायचा. फुलफ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर. डी ७२०० सारखा एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढलंत तर मोठा सेन्सर सव्वादोन पटींहून जास्त भरतो, म्हणजे त्याच एक्सपोजरला एका स्टॉपहून थोडा अधिक प्रकाश गोळा करतो. मित्राच्या फुलफ्रेमवर आयएसओ ६४०० चाललं म्हणून आपल्यावर चालेल असं नाही, आणि इंटरनेटवरच्या "अमुक आयएसओच्या वर जाऊ नका" या सल्ल्यांना कॅमेऱ्याचं नाव सोबत नसेल तर काही अर्थ नाही.

फोटो बघायचा कसा

एजन्सीत तपासणी करणारा माणूस फोटो शंभर टक्क्यांवर बघतो, म्हणजे फोटोतला एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर. आपणही तसाच बघायचा. लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोवर क्लिक करून किंवा झेड दाबून तिथे जाता येतं. पूर्ण फोटो स्क्रीनवर मावेल असा ठेवून नॉइज तपासणं म्हणजे न तपासणंच, कारण २४ मेगापिक्सेलचा फोटो दोन मेगापिक्सेलच्या फुल एचडी स्क्रीनवर मावण्यासाठी आकसतो आणि दाणे आपसांत मिसळून गायब होतात.

शंभर टक्क्यांवर फुल एचडी स्क्रीनवर फोटोचा साधारण बारावा हिस्साच दिसतो. त्यामुळे सगळा फोटो सरकवत बघावा लागतो आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. मी क्रम ठरवून ठेवला आहे. आधी सगळ्यात गडद कोपरा. मग आकाश किंवा भिंत, जे काही सपाट असेल ते. मग फोकसबाहेरची पार्श्वभूमी, विशेषतः जिथे एक रंग हळूहळू दुसऱ्यात उतरतो तिथे. माणूस असेल तर गालाची सावलीकडची बाजू आणि हनुवटीखालचा भाग. मुख्य विषय सगळ्यात शेवटी, कारण विषयावर आपण उजेड आणि फोकस दोन्ही दिलेले असतात आणि तिथे बघून माणूस उगीच खूश होतो.

स्क्रीन ४के असेल किंवा लॅपटॉपचा पडदा दाट पिक्सेलचा असेल, तर शंभर टक्क्यांवरही दाणे इतके बारीक दिसतात की फसगत होते. अशा पडद्यावर मी दोनशे टक्क्यांवर बघते. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवू नका आणि खिडकीचं ऊन पडद्यावर येऊ देऊ नका. उन्हात सावल्या नुसत्या काळ्या दिसतात, त्यांच्यातला रंगीत नॉइज दिसत नाही.

यानंतर माझी एक खास चाचणी आहे, आणि सगळ्यांनी ती करावी असं मला मनापासून वाटतं. फोटो पूर्ण तयार झाल्यावर एक्सपोजर तात्पुरतं एक स्टॉप वाढवायचं, बघायचं आणि परत मागे आणायचं. विकत घेणारा डिझायनर फोटो तसाच छापणार नाही. तो उजळेल, कापेल, रिकाम्या जागेत मजकूर टाकेल, आपल्या ब्रँडचा रंग चढवेल. एका स्टॉपला फोटो फुटत असेल तर त्याच्या हातात तो टिकणार नाही. तपासणीतून सुटला तरी मला तो द्यावासा वाटत नाही.

नॉइजच्या जाती

सगळे दाणे सारखे नसतात. काळे-पांढरे बारीक दाणे, ज्यांना ल्युमिनन्स नॉइज म्हणतात, ते थोडे असले तर चालतात. फिल्मवर वाढलेल्या डोळ्यांना ते ओळखीचे वाटतात, छापल्यावर तर बहुतेक नाहीसेच होतात. रंगीत डाग चालत नाहीत. काळ्या पडद्यावर जांभळे-हिरवे ठिपके, पांढऱ्या भिंतीवर गुलाबी-पिवळसर ढग दिसले की ते काढल्याशिवाय फोटो पुढे पाठवायचा नाही. सुदैवाने तेच काढायला सगळ्यात सोपे आहेत.

तिसरी जात आडव्या किंवा उभ्या पट्ट्यांची. सावली जोरात उजळल्यावर या पट्ट्या वर येतात. डोळा ठिपके विसरतो, रेघा विसरत नाही. पट्ट्या दिसल्या की सावली परत खाली दाबायची, आणि दाबून फोटोला अर्थ राहत नसेल तर तो सोडून द्यायचा.

चौथी गोष्ट नॉइज नाही, पण तपासणारे एकाच खात्यात धरतात. शटरस्टॉक या एजन्सीच्या नाकारण्याच्या कारणांच्या यादीत नॉइज आणि आर्टिफॅक्ट (फाइल दाबताना आलेले दोष) एकत्रच येतात. जेपेग ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत फोटो दाबतं, त्या चौकोनांच्या कडा आकाशात दिसू लागतात, तारा आणि फांद्यांभोवती डासांसारखी भुणभुण दिसते. एकच जेपेग उघडून, बदलून, परत परत सेव्ह केलं की हे वाढत जातं. रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेल्या मूळ फाइलवर, काम करा आणि जेपेग एकदाच, शेवटी, सर्वोच्च क्वालिटीवर काढा. रंगजागा (कलर स्पेस) एसआरजीबी निवडा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो स्टॉकला कधीच द्यायचा नाही, त्याचा जीव वाटेतच गेलेला असतो.

ट्रायपॉडवर अर्धा मिनिट वगैरे शटर उघडं ठेवलं तर लाल-निळे-पांढरे एकेकटे टोकदार ठिपकेही येतात. हे तापलेले पिक्सेल. कॅमेऱ्यात लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू केलं की कॅमेरा तेवढ्याच वेळाचा दुसरा, अंधारा फोटो घेतो आणि पहिल्यातून तो वजा करतो. वेळ दुप्पट लागतो. एक-दोन फोटोंना ठीक आहे. रात्रभर तारे टिपायचे असतील तर ते बंदच ठेवा.

पणत्यांचा फोटो, जवळून

दिवाळीचे फोटो स्टॉकवर मागणीचे, आणि नॉइजने सगळ्यात जास्त परत येणारेही तेच. म्हणून एकच फोटो नीट उलगडून सांगते: अंगणात रांगोळी, तिच्या कडेने पणत्या, मागे घराची भिंत आणि दार.

अंधार पडल्यावर नुसत्या पणत्यांच्या उजेडात फोटो काढला तर दोन टोकं हाती येतात. ज्योत पांढरी जळून जाते आणि भिंत काळी पडते. मग घरी येऊन आपण शॅडोचा स्लायडर ओढतो आणि भिंतीवर निळे-जांभळे डाग उगवतात. ते निळेच का, याला कारण आहे. ज्योतीच्या प्रकाशाचं रंगतापमान साधारण १९०० केल्विन, त्यात निळा रंग जवळजवळ नसतोच. सेन्सरवरच्या चार पिक्सेलपैकी दोन हिरव्या फिल्टरखाली असतात, एक लाल आणि एकच निळ्या. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायरने केली, तिचं पेटंट १९७६ चं. म्हणजे निळ्याचे पिक्सेल आधीच कमी, त्यात ज्योतीतून निळा प्रकाश येतच नाही. आता ऑटो व्हाइट बॅलन्सने (पांढरं ते पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप करतो त्या रंगदुरुस्तीने) किंवा आपण हाताने फोटो "पांढरा" करायला गेलो की त्या उपाशी निळ्या चॅनलला कितीतरी पटींनी फुगवावं लागतं. त्याच्याबरोबर त्याचा नॉइजही फुगतो.

उपाय पहिला, व्हाइट बॅलन्स उबदार राहू द्या. पणत्यांचा फोटो पिवळा-केशरीच असतो, घेणाऱ्यालाही तोच हवा असतो. तापमानाचा स्लायडर थोडा पिवळ्याकडे सरकवला तर भिंतीवरचे निळे डाग निम्मे तिथेच बसतात.

उपाय दुसरा आणि खरा, वेळ. सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटांनी आकाशात अजून निळसर उजेड असतो. पणत्या तेव्हा उठून दिसतात आणि भिंतीवर, तुळशीवृंदावनावर, दाराच्या तोरणावर आकाशाचा मऊ प्रकाश पडलेला असतो. तो निळ्या चॅनललाही खाऊ घालतो. हा काळ फार थोडा टिकतो, म्हणून रांगोळी दुपारीच काढून ठेवायची, पणत्यांत तेल-वात घालून ठेवायचं, ट्रायपॉड लावून फ्रेम पक्की करायची. घरच्यांना आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर नेमक्या त्या वेळी कुणीतरी अंगणातला ट्यूबलाइट लावतं.

ट्रायपॉड असेल तर आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ५.६ किंवा ८, शटर लागेल तेवढं. एखाद्या सेकंदाला ज्योत किंचित हलते, तशी हललेली ज्योत शोभतेच. वारा जास्त असेल तर एक जलद फोटो ज्योतींसाठी आणि एक संथ फोटो अंगणासाठी घेऊन दोन्ही जोडते. ट्रायपॉड नसेल तर तोच फोटो पटापट चार वेळा घ्या आणि फोटोशॉपमध्ये एकावर एक बसवून सरासरी काढा. चार फोटोंच्या सरासरीत नॉइज निम्मा होतो, सोळांच्या सरासरीत चौथाई. ज्योतीचा भाग मात्र एकाच फोटोतून घ्यावा लागतो, नाहीतर तिला भुताटकीसारख्या चार कडा येतात.

आता समजा वेळ निघून गेली, हातात आयएसओ ३२०० चाच फोटो आहे. मग भिंत उजळू नका. ब्लॅक्सचा स्लायडर खाली घ्या आणि भिंतीला काळी होऊ द्या. दिवाळीच्या फोटोत काळोख हा विषयाचाच भाग आहे, त्यात प्रत्येक वीट दिसायला हवी असं कुणी सांगितलेलं नाही. शुद्ध काळ्यात नॉइज राहत नाही आणि डिझायनरला "शुभ दीपावली" लिहायला जागा मिळते. नंतर रांगोळीवर शंभर टक्क्यांनी या. रांगोळीची पूड मुळात दाणेदारच असते. तिच्यावर थोडा नॉइज राहिला तरी कुणाला वेगळा काढता येणार नाही. तिथे काहीही साफ करू नका.

साफसफाई, आणि ती कुठे थांबवायची

माझा अनुभव असा की आजकाल नॉइजपेक्षा जास्त फोटो साफसफाईने बिघडतात. दाणे गेले की माणसाला बरं वाटतं आणि स्लायडर थांबत नाही. मग गाल मेणाचे होतात, पैठणीच्या काठावरचे मोर वितळतात, आजोबांच्या मिशीचे केस एका पट्टीत चिकटतात. तपासणारे हेही पकडतात, आणि पकडायलाच हवं. दाणेदार फोटो घेणारा स्वतः साफ करू शकतो. मेण झालेल्या गालावर त्वचा परत आणणं कुणालाच शक्य नाही.

लाइटरूममध्ये रॉ फाइलला कलर नॉइज रिडक्शन मुळातच २५ लावलेलं असतं. बहुतेक वेळा तेवढं पुरतं, रंगीत डाग उरलेच तर ४०-५० पर्यंत जा. त्यापुढे कुंकवाची कड आणि हिरव्या बांगड्या भोवतालच्या त्वचेत पाझरू लागतात; बांगडी हीच माझी खूण, तिची कड फिकी पडली की मागे. ल्युमिनन्स मुळात शून्य असतं. ते मी पूर्ण फोटोला फारसं लावतच नाही. मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, फक्त आकाशाला, भिंतीला, पार्श्वभूमीला लावते. विषयाला हात नाही.

एप्रिल २०२३ मध्ये अडोबीने लाइटरूममध्ये एआयवर चालणारं डिनॉइज आणलं, आणि आयएसओ ३२००-६४०० च्या फोटोंचं गणित खरंच बदललं. ते सुरुवातीला ५० वर येतं. मी ३० च्या आसपास आणते. ५० वर पार्श्वभूमी सुंदर दिसते, पण लांबचे चेहरे आणि पाट्यांवरची अक्षरं विचित्र होतात. यंत्र अंदाजाने अक्षर रंगवतं आणि ते कुठल्याच लिपीतलं राहत नाही. देवनागरी पाट्या तर मुद्दाम तपासा, मात्रा आणि अनुस्वार आधी उडतात. पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायचं नसेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही फुकट आहेत आणि चांगले आहेत. डार्कटेबलमधलं प्रोफाइल्ड डिनॉइज कॅमेऱ्याचं मॉडेल आणि आयएसओ ओळखून त्या मापाने काम करतं.

शार्पनिंग हा नॉइजचा छुपा पुरवठादार. लाइटरूम रॉ फाइलला आपोआप ४० शार्पनिंग लावतं, आणि मास्किंग शून्य, म्हणजे आकाशातला प्रत्येक दाणाही धारदार होतो. मास्किंगच्या स्लायडरवर ऑल्ट दाबून ओढा. फोटो काळा-पांढरा होईल. पांढरं ते शार्प होणार, काळं ते तसंच राहणार. आकाश पूर्ण काळं होईपर्यंत ओढायचं. ७० ते ८० वर साधारण जमतं. कासच्या त्या फोटोत आम्ही डीहेझ काढलं, मास्किंग ८० केलं, आकाशाला मास्क लावून ल्युमिनन्स २५ दिलं. तो दुसऱ्या एका एजन्सीत स्वीकारला गेला.

आकार कमी करणं

ही जुनी आणि प्रामाणिक युक्ती आहे. २४ मेगापिक्सेलचा ६००० बाय ४००० फोटो ३००० बाय २००० केला की चार पिक्सेलचा एक होतो आणि नॉइज निम्मा होतो, कुठलाही तपशील न वितळवता. अडोबी स्टॉक आणि शटरस्टॉक दोघांचीही किमान मर्यादा ४ मेगापिक्सेल आहे, त्यामुळे ६ मेगापिक्सेल चालतं. अलामी ही एजन्सी दाबलेली नसलेली फाइल १७ एमबीहून मोठी मागते. ३००० बाय २००० गुणिले तीन रंग म्हणजे १ कोटी ८० लाख बाइट, ते १७.२ एमबी होतात. जेमतेम बसतं. त्याहून फारसं कापायला वाव नाही, म्हणून क्रॉप आधी, आकार नंतर.

पण प्रत्येक फोटो निम्मा करू नका. मोठी जाहिरात, कॅलेंडर, बस स्टॉपवरचा फलक करणाऱ्याला पिक्सेल लागतात. मी आधी १२ मेगापिक्सेलवर येऊन बघते, साधारण ४२४३ बाय २८२८. तेवढ्यात नॉइज तीस टक्क्यांच्या आसपास घटतो आणि बऱ्याचदा काम भागतं. उलट दिशेने, छोटा फोटो मोठा करून द्यायला मात्र जाऊ नका. दाणेही मोठे होतात.

मोबाइलच्या फोटोंनाही हीच युक्ती लागू पडते. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा असतो, त्यामुळे नॉइज भरपूर येतो आणि फोन तो स्वतःच पुसून टाकतो. झाडाची पानं शंभर टक्क्यांवर जलरंगासारखी फासलेली दिसतात ती त्यामुळे. फोनमध्ये रॉ काढण्याची सोय असेल तर ती वापरा. उन्हात काढलेले मोबाइलचे फोटो सहज चालतात. घरातल्या ट्यूबलाइटखाली काढलेला मिसळीचा फोटो, तर्रीच्या लाल भागाकडे बघून मगच पाठवा.

कुठे सूट मिळते

पालखी लोणंद सोडून तरडगावकडे निघते तेव्हा चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. आषाढाचं आभाळ, कधी पाऊस, आणि वारकऱ्यांच्या रांगांमधून धावणारा अश्व. शटर १/१००० च्या खाली नेलं तर घोडा पुसला जातो, मग आयएसओ ३२०० काय नि ६४०० काय, पर्याय नसतो. असा फोटो एडिटोरियल म्हणून, म्हणजे जाहिरातीसाठी नव्हे तर बातमीसाठी, जातो, कारण त्यातल्या शेकडो चेहऱ्यांची मॉडेल रिलीज (फोटो वापरायची लेखी संमती) मिळणं शक्य नाही. तिथे दाणे असले तरी मी रंगीत डाग तेवढे काढते आणि बाकी तसंच ठेवते. क्षण परत घडवता येत नाही हे बघणाऱ्यालाही कळतं, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ते दाणे दिसतही नाहीत. चेहरे गुळगुळीत करून मात्र कधी देऊ नका. बातमीच्या फोटोत माणसाचा चेहरा यंत्राने पुन्हा रंगवलेला असणं मला मान्य नाही.

टेबलावर मांडून काढलेल्या फोटोला अशी सूट नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा आंबा, स्टीलच्या ताटातली पुरणपोळी, लॅपटॉपसमोर बसलेली मुलगी. इथे प्रकाश तुमच्या हातात होता. खिडकीजवळ सरका, थर्माकोलचा पांढरा तुकडा समोर धरा, ट्रायपॉड लावा, आयएसओ १००-२०० वर काढा. स्टीलवर राखाडी छटा इतक्या हळू उतरतात की आयएसओ ८०० चा नॉइजसुद्धा दिसतो. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) उजवीकडे ठेवा, फक्त उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका. थोडा उजळ काढून नंतर खाली आणलेला फोटो सावलीत सगळ्यात स्वच्छ असतो. "हौस म्हणून" ग्रेन चढवलेला फोटोही पाठवू नका. ग्रेन हवा असेल तर तो घेणारा घालून घेईल.

कुठे पाठवता यावरही कडकपणा अवलंबून ठेवा. अलामीत एका खेपेतला एक फोटो तपासणीत नापास झाला की पूर्ण खेप नापास होते. तिथे शंकेचे फोटो चांगल्यांच्या गर्दीत ढकलू नका. आधी पक्के फोटो एका खेपेत जाऊ द्या. रिजेक्शन आलं की तीच फाइल तशीच परत पाठवण्यात अर्थ नाही. कारण "क्वालिटी" एवढंच लिहिलेलं असेल तर ते फोकसमुळे की नॉइजमुळे, हे वरच्या क्रमाने कोपऱ्यापासून तपासून स्वतः ठरवा. सपाट भागात दाणे दिसले तर आधी शार्पनिंगचं मास्किंग, मग त्या भागापुरता डिनॉइज, मग आकार, आणि यातलं जे पुरेल तिथेच थांबा.

आणि रॉ फाइल फेकू नका. २०१५-१६ च्या सुमाराला काढलेले, तेव्हा दाण्यांमुळे बाजूला ठेवलेले पणत्यांचे आणि पालखीचे फोटो मी अलीकडे नव्या डिनॉइजमधून काढते आहे. ज्यांचं जेपेगच उरलं आहे त्यांचं फारसं काही होत नाही. एक बाह्य हार्ड डिस्क घ्या, तिची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा, आणि फोल्डरच्या नावात वर्ष, जागा आणि आयएसओ लिहा, म्हणजे पुढे नवं साधन आलं की कुठून सुरुवात करायची ते शोधावं लागणार नाही.